श्रावणातली मोजणी

भोरच्या बाजारपेठेतून नजीर मुलाण्यांचं घर किती लांब आहे, हे दुसऱ्या कुणाला विचारू नका. ते स्वतःच सांगतील. पोस्टाच्या पायरीपासून त्यांच्या उंबऱ्यापर्यंत तीनशे एकेचाळीस पावलं. वर म्हणतील, "मोजून बघा. एक कमी निघालं तर चहा माझा." निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, गुडघे कुरकुर करायला लागले, पण मोजायची खोड काही जात नाही. बायको रहमतबी म्हणते, "अल्लाकडं जातानाबी हे विचारतील, किती फर्लांग हाय?"

खोड लागणारच की. माणसानं सगळी नोकरी मोजणीच्या कामावर चेनमन म्हणून काढली. चेनमन म्हणजे साखळी ओढणारा. साहेब छत्रीखाली टेबल मांडून नकाशा काढणार आणि हा घाणेरीच्या जाळीतून साखळी ओढत पळणार. कागदावर सही साहेबाची, पायात काटे नजीरभाईंच्या. भोर आणि वेल्ह्याच्या डोंगरात असं गाव नाही जिथं त्यांनी भाकरी खाल्ली नाही. आंबवड्याच्या बांधांची भांडणं त्यांना तोंडपाठ, शिवऱ्याला हायवे व्हायच्या आधी कुठं कुणाचा चिंचेचा मळा होता तेही तोंडपाठ.

या सगळ्या गावांत त्यांचं एक गाव मात्र वेगळं. उंबरदरा. धरणाच्या पाण्यामागं, डोंगराच्या कुशीत पस्तीस घरं. दर रमजान ईदला रहमतबी शीरखुर्म्याची पहिली किटली भरते ती उंबरदऱ्याची. सगेसोयरे बसून राहिले तरी चालतील, ती किटली आधी निघणार. ईद उन्हाळ्यात आली तर नजीरभाई धरणाच्या कोरड्या पोटातून चालत जातात, तासाभरात पोचतात. ईद पावसाळ्यात आली तर डोंगराच्या कडेकडेनं वळसा घालून जातात आणि किटली निम्मी सांडलेली असते. उंबरदऱ्याला अशा दोन वाटा आहेत, आणि या गोष्टीतलं सगळं दुखणं त्या दोन वाटांत आहे.

झालं असं, की गेल्या वर्षीच्या श्रावणात एका सोमवारी वैदेही त्यांच्याकडं आली. वैदेही म्हणजे गल्लीतल्या गंगाधर वकिलांची नात. पुण्यात भूगोल शिकते. पुणं वाढत कसं गेलं, आणि वाढताना कुणाच्या ताटात काय पडलं, याचा अभ्यास करते. पोरगी हुशार, पण बोलताना कधी तोरा नाही. तिनं ओट्यावर लॅपटॉप उघडला आणि भोर-वेल्ह्याचा नकाशा दाखवला.

"चाचा, हिरवा रंग म्हणजे दवाखाना, शाळा, गाडी सगळं जवळ. पिवळा म्हणजे मध्यम. लाल म्हणजे लांब."

नजीरभाईंनी चष्मा पुसला. हायवेच्या कडेनं, शिवऱ्यापाशी, गर्द हिरवा पट्टा. तिथून आत वेल्ह्याकडं सरकावं तसा तो पिवळा होत गेलेला, आणि पार आत तांबडाभडक. सगळं आयुष्य ज्या मुलुखात पायपीट केली तो मुलूख असा एका नजरेत रंगलेला बघून त्यांना भरून आलं. पुण्यापासून हाकेच्या अंतरावर राहूनही माणसं कशी वाऱ्यावर राहतात, हे कुणीतरी कागदावर आणलं होतं.

"आणि हे बघा," वैदेही म्हणाली. लाल रानात एकच हिरवा ठिपका होता. "उंबरदरा. मला आधी वाटलं, चुकलंय. पण उपग्रहाच्या फोटोत वाट स्पष्ट दिसते, आणि जुन्या मोजणीच्या कागदावरही दवाखाना तीन किलोमीटर लिहिलाय. दोन्ही तंतोतंत जुळतात. ती मोजणी तुमची होती ना? चाचा, तीस वर्षांपूर्वी साखळीनं मोजलेलं उपग्रहाशी जुळतं, म्हणजे कमाल आहे तुमची."

तिला वाटलं, म्हातारा खुलेल. नजीरभाई मात्र खुलले नाहीत.

वैदेही आपल्याच नादात सांगत होती. जिल्ह्याला तीन नवी आरोग्य उपकेंद्रं काढायची आहेत. तिच्या सरांचा हा नकाशा बघून जागा ठरणार. शुक्रवारी तो जिल्ह्याला जाणार. लाल गावांतून तीन नावं निवडायची, हिरव्या गावांचा प्रश्नच येत नाही.

"बाळ," नजीरभाई म्हणाले, "ह्यो फोटो कोणत्या महिन्यातला?"

तिनं बघितलं. "मे. पावसाळ्यात ढगांमुळे काही दिसत नाही, म्हणून आम्ही आभाळ मोकळं असतानाचे घेतो."

"आमीबी मेमधीच मोजलं हुतं. रान मोकळं लागतं मोजनीला." त्यांनी हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "मे महिन्यात धरण तळाला जातं. जुना रस्ता उघडा पडतो. जूनमधी त्यो पान्याखाली जातो, तो माघापर्यंत. तुजा उपग्रह आन् म्या, दोगंबी एकाच महिन्यात फसलो."

आणि मग जे तीस वर्षं रहमतबीखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं ते त्यांनी त्या पोरीला सांगितलं.

त्या मे महिन्यात उंबरदऱ्याचं अंतर लिहायला साहेब आले होते. साखळीचं दुसरं टोक धरायला गावातला गेनू गडी म्हणून घेतला. धरणाच्या कोरड्या पात्रात उतरल्यावर साहेबांनी विचारलं, "वाट हीच ना?" नजीरच्या डोक्याच्या वर, खडकावर, पावसाळ्यात पाणी चढतं तिथवरची पांढरी रेघ होती. त्याला ती दिसत होती. पण ऊन मी म्हणत होतं, आणि दुसरी वाट म्हणजे डोंगराच्या कडेनं नऊ किलोमीटर साखळी ओढायची. "हीच, साहेब," नजीर म्हणाला. तीन किलोमीटर. कागद वर गेला.

त्याच सालच्या श्रावणात तो नोटिसा वाटायला उंबरदऱ्यात गेला आणि बांधावर त्याला फुरसं चावलं. घरी रहमतबीला चौथा महिना होता. गावानं बांबूला घोंगडं बांधून झोळी केली आणि आठ गडी त्याला घेऊन डोंगराच्या वाटेनं निघाले. उंबरदऱ्यात लांबी किलोमीटरवर मोजत नाहीत, पालटावर मोजतात. ठरल्या झाडाशी, ठरल्या धोंड्याशी दोन गडी बदलायचे, तो एक पालट. खांदा म्हणायचं नाही, खांदा मेलेल्याला. जित्या माणसाला पालट. डांबरी सडकेपर्यंत चौदा पालट होतात. त्या चौदांत गेनू पुढच्या टोकाला सगळ्यांत जास्त वेळा होता आणि नजीरला झोप लागू नये म्हणून सारखा बोलत होता. झोळीत पडल्या पडल्या नजीरला पाण्यापलीकडं दवाखान्याचे पत्रे दिसत होते. समोर. तीन किलोमीटरवर. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तो वळसा माणसांनी त्याला उचलून घातला.

देव तारी त्याला कोण मारी. सडकेला जीप मिळाली, माणूस वाचला. पाच महिन्यांनी मेहनाज झाली. तिला बाप मिळाला तो उंबरदऱ्यामुळं, असं नजीरभाई आजही जाहीर सांगतात. बरं झाल्यावर तो साहेबांना जाऊन म्हणाला होता, की साहेब, ते अंतर पावसाळ्याचं नाही. साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "नजीर, मोजणी उन्हाळ्यातच होते. गेलेला कागद परत येत नाही." नजीर हंगामी नोकरीवर होता. गप्प बसला.

त्यानंतर उंबरदऱ्यानं किती अर्ज केले! दर वेळी उत्तर यायचं, आपले गाव दवाखान्यापासून तीन किलोमीटरवर असल्याने विनंती मान्य करता येत नाही. गेनूला वाचता येत नव्हतं. तो ते पत्र घेऊन भोरला यायचा, नजीरकडंच, नाहीतर ईदला नजीर उंबरदऱ्यात आला की पुढं करायचा. नजीर वाचून दाखवायचा. ते तीन किलोमीटर कुणाचे, हे मात्र त्याच्या तोंडून कधी निघालं नाही.

"गेनूला जाऊन चार वर्षं झाली," नजीरभाई म्हणाले. "शीरखुर्मा नेला म्या तीस वर्षं. खरं काय त्ये नेलं न्हाई."

वैदेहीनं लॅपटॉप मिटला. तिनं ना समजूत घातली ना दोष दिला. म्हणाली, "चाचा, नुसतं सांगून नकाशा बदलणार नाही. सर पुरावा मागतील. पावसाळ्यात आजारी माणूस सडकेला यायला किती वेळ लागतो, ते मोजून पाहिजे. चालत नाही, झोळीतून. आणि रविवारी नको. दुखणं काही रविवार बघून येत नाही."

बुधवारी दोघं उंबरदऱ्यात पोचले. गेनूची बायको सखूबाई दारातच भेटली. सत्तरी ओलांडली तरी कणा ताठ. नजीरभाईंना ती पहिल्यापासून भावजी म्हणते. मोजणीचं कळल्यावर सगळं गाव तिच्या ओसरीवर जमलं. सगळं गाव म्हणजे काय, तर म्हातारीकोतारी आणि बाया. हातापायानं धड असलेले गडी चारच. बाकीचे शिवऱ्याला गोदामात, नाहीतर पुण्यात वॉचमन. एकेकाळी एका हाकेला आठ गडी उभे राहायचे त्या गावात बुधवारी झोळीला माणसं पुरेनात.

"म्या हाय की," सोनिया म्हणाली. सोनिया म्हणजे सखूबाईची सून. तिनं पदर खोचला. तिच्या शेजारची अंबूबाई, तीही पुढं झाली. चार गडी, दोन बाया.

"आन् झोळीत कोन?" एकानं विचारलं.

सखूबाईनं नजीरभाईंकडं बघितलं. "ह्या माणसाला वाट ठावं हाय. एकदा जाऊन आलेत."

हशा पिकला. नजीरभाईंनी नको नको केलं. मी चालतो म्हणाले. पण उंबरदऱ्यात सखूबाईचा शब्द खाली पडत नाही. बांबूला घोंगडं बांधलं. वैदेहीनं आपला मोबाईल त्यांच्या छातीवर ठेवला. त्यात वाट आणि वेळ आपोआप टिपली जाणार होती. उचलताना चौघांपैकी माऊली नावाचा गडी कण्हला. "काका, गेल्या बारीला तुमी काटकुळं हुता म्हनं."

"रहमतवहिनीच्या हाताला दोष द्यावा," सखूबाई म्हणाली आणि काठी टेकत बरोबर निघाली. तिला कुणी अडवलं नाही, अडवून उपयोग नव्हता.

वाट निसरडी होती. भुरभुर चालू होती. बांबू करकरत होता, आणि प्रत्येक पालटाला कुणीतरी म्हणायचं, पालट, आणि माणसं बदलायची. पहिला उंबराशी. दुसरा शेंदूर फासलेल्या धोंड्याशी. तिसऱ्या पालटाला सोनिया बांबूखाली आली. नजीरभाईंनी डोळे मिटून घेतले. आपल्या लेकीच्या वयाच्या बाईनं आपल्याला उचलावं, याची त्यांना लाज वाटत होती, आणि त्या लाजेखाली दुसरी, जुनी लाज होती.

सहाव्या पालटाला कड मोकळी होते. तिथून पाण्यापलीकडं दवाखान्याचे पत्रे दिसतात. अजून तेच पत्रे, फक्त रंग नवा. झोळी खाली टेकली. सखूबाई धोंड्यावर बसली. नजीरभाई झोळीतच पडून म्हणाले, "वहिनी, त्ये तीन किलोमीटर म्या लिवायला लावलं हुतं."

मग ते सगळं बोलून गेले. खडकावरची पांढरी रेघ, साहेबांचा प्रश्न, ऊन, हीच वाट म्हणून दिलेलं उत्तर. गेनूला वाचून दाखवलेली पत्रं. "तुमी मला हितनं उचलून न्हेलं, आन् म्या तुमाला कागदात हितंच गाडून टाकलं. गेनूला सांगायचं राहिलं. तुमाला सांगतो."

सखूबाईनं पाण्यापलीकडच्या पत्र्यांकडं बघितलं. मग तिला हसू फुटलं. खरोखरचं, पदर तोंडाला लावून.

"म्हंजी तुमी त्यापायी मान खाली घालत हुता व्हय? आन् मला वाटायचं, भावजींचं डोळं गेलं का काय, कागद येवढा जवळ धरून वाचत्यात."

"वहिनी..."

"ऐका आता. तुमी एकटं कुठलं? तुमी मोजायला यायच्या आदल्या दिशी गाव बसलं हुतं देवळात. त्या साली तीन सोयरिकी मोडल्या हुत्या, गाव लांब म्हनून. कोन पोरगी देईना. मग ठरलं, मोजनीवाल्यास्नी धरनातनंच न्यायचं. जवळ लिवलं म्हंजी पोरी देतील. आमचं ह्ये गडी म्हनून कशाला आले? तुमाला त्या वाटंनं न्यायलाच."

नजीरभाई झोळीत उठून बसले.

"मग पोरी मिळाल्या?" वैदेहीनं विचारलं.

"मिळाल्या की. ही बघा." सखूबाईनं सोनियाकडं बोट केलं.

सोनिया बांबूला टेकून दम खात होती. "माज्या बानं कागद बघितला, वर मे महिन्यात येऊन घरबी बघितलं. म्हनला, दवाखाना समोर हाय, पोरगी सुखात राहील. श्रावनात मला न्यायला आला आन् पार दिवस गेला त्याचा. वाटंतच शिव्या द्यायला लागला व्याह्याला."

आता मात्र सगळेच हसले. हसू ओसरल्यावर सखूबाई हळू म्हणाली, "चुकलंच की आमचं. अर्जाची उत्तरं यायला लागली तवा कळलं, आपलीच करनी. ह्यांना तुमाला सांगायचं हुतं. पन म्हनायचे, नजीरला फुरसं चावलं, त्याला ह्या वाटंनं हाल काडावं लागलं त्ये माज्यापायी. कोनत्या तोंडानं सांगू? दोगं समोरासमोर बसून कागद वाचायचा, आन् दोगंबी भुईकडं बघायचा."

नजीरभाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. पावसात कुणाला कळणार नाही असं त्यांना वाटलं, पण सगळ्यांना कळलं. तीस वर्षं ते या गावाचे उपकार मानत आले आणि मनात मात्र गुन्हेगारासारखे आले. आता नुसते उपकार उरले होते. गेनू समोर असता तर त्यांनी त्याच्या गळ्यात पडून त्याला दोन शिव्या दिल्या असत्या.

"उठा उठा न्हवं, पडा," माऊली म्हणाला. "आठ पालट ऱ्हायलेत."

सडकेला पोचले तेव्हा मोबाईलवर तीन तास एक्केचाळीस मिनिटं झाली होती. नऊ किलोमीटर दोनशे मीटर, चौदा पालट. तिथून दवाखाना अजून चौदा किलोमीटर. अंबूबाईच्या खांद्यावर बांबूचा लाल वळ उठला होता. वैदेहीनं तो बघितला आणि वहीत काहीतरी लिहिलं. शुक्रवारी नकाशा गेला, तेव्हा त्यात उंबरदऱ्याच्या नावापुढं तिनं टीप दिली होती, की हे अंतर श्रावणात, जिवंत माणूस उचलून नेऊन मोजलेलं आहे. आणि तिनं नुसता तेवढाच ठिपका बदलला नाही. वेल्ह्याच्या बाजूची, धरणाकाठची जी जी गावं मे महिन्याच्या फोटोत हिरवी-पिवळी दिसत होती ती सगळी तपासायला लावली. त्यात सात गावं लाल निघाली.

आपलं गाव लाल झालं म्हणून पेढे वाटणारं उंबरदरा हे पहिलंच असावं. मोबाईलवर आलेला तो नकाशा सखूबाईनं डोळ्यांपाशी धरला. "झालो बाई एकदाचं लांब," म्हणाली.

सरकारी काम आणि सहा महिने थांब. इथं वर्ष लागलं. पण तीन नावांत उंबरदऱ्याचं नाव आलं. एक खोली, एक सिस्टर, आठवड्यातून दोनदा डॉक्टर, आणि पावसाळ्यात पाण्यातून न्यायला बोट. गावानं देवळामागची जागा दिली. जागा मोजून द्यायची होती. कचेरीतला माणूस म्हणाला, दिवाळीनंतर बघू, रान मोकळं झाल्यावर.

"मोकळं झाल्यावर न्हाई," नजीरभाई म्हणाले. "कचेरीची मोजनी कचेरी करंल दिवाळीनंतर. माजी आत्ता हुनार." आणि भर भाद्रपदात, घरची टेप पिशवीत टाकून, डोंगराच्या वाटेनं ते उंबरदऱ्याला निघाले. रहमतबी या वेळी बरोबर होती. पोटात मेहनाज असताना ज्या गावानं नवरा परत दिला, ते गाव तिनं कधी बघितलंच नव्हतं. सखूबाईच्या दारात दोघी म्हाताऱ्या एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या, आणि कोण आधी सोडणार ते कळेना.

टेपचं दुसरं टोक धरायला माणूस पाहिजे होता. माऊली पुढं आला. सखूबाईनं त्याला हातानं मागं सारलं. "ह्यांचं टोक हाय त्ये," म्हणाली आणि वाकून तिनं ते उचललं.

चार कोपरे झाले, खुंट्या ठोकल्या. मग नजीरभाई गेनूच्या उंबऱ्यापासून निघाले आणि त्या खुंट्यांपर्यंत पावलं टाकत गेले, ओठांत आकडे पुटपुटत. सगळं गाव बघत उभं होतं.

"दोनशे बारा," ते म्हणाले. "मोजून बघा. एक कमी निघालं तर चहा माझा."

"पावसाळ्यात किती?" सखूबाईनं विचारलं.

नजीरभाईंनी पायाखालच्या चिखलाकडं बघितलं. "पावसाळ्यातच मोजल्यात, वहिनी."